वखारीत ठेवलेला कापूस

सोमवार, १४ जुलै

दाबणीचं मशीन कुरकुरतंय. सकाळी गेटवर गाडी लावतानाच ऐकलं. डावं बेअरिंग. आत गेलो तर मशीन नुसतंच फिरत होतं, खाली माल नाही. माल नसताना मशीन चालवायचं नाही, हा शेडमधला पहिला नियम. भिंतीवर मीच लिहिलाय, मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीकडं चुका करून.

शालनताई पॅकिंगच्या टेबलाशी चौघींना घेऊन उभी. अनगोळची. नावाला मुकादम, खरं म्हणजे इथली मालकीण. "रिकामं का चाललंय?" म्हटलं. "चुकलं अण्णा." इतक्या लवकर चूक कबूल करणारी बाई ती नव्हे. बाकीच्या खाली बघून पाकिटं मोजायला लागल्या. मोजलेलीच परत.

वीस वर्षं इथंच, उद्यमबागेत फौंड्रीत काढली. कास्टिंगवर, म्हणजे ओतलेल्या लोखंडावर, हातोडी मारायची आणि ऐकायचं. चांगलं असलं तर घंटेसारखं वाजतं, आत चीर असली तर मुकं. आज शेडमध्ये ते मुकं ऐकलं. कुठं ते नाही कळलं.

मंगळवार, १५ जुलै

जांबोटीच्या सुलोचनाचा फोन. आशा कार्यकर्ती आहे, तिकडच्या सगळ्या वाड्यांना आमची पॅडची पाकिटं तिच्या हातनं जातात. या महिन्यात माल नको म्हणाली.

"का गं?"

"पाऊस लई हाय अण्णा."

पावसात बायकांचं थांबतं काय, हे अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. मालात काही खोट आहे का विचारलं. "न्हाई न्हाई, माल ब्येस हाय." थोडं थांबून परत, "ब्येस हाय माल." न विचारता दुसऱ्यांदा चांगला म्हटला की समजायचं.

बुधवार, १६ जुलै

चहा घेताना सुमनला विचारलं. सत्तावीस वर्षांचा संसार आणि तीन वर्षांचा हा धंदा. पण घरात आमचं बोलणं मशीन, टेम्पो, पाकिटावरचं चित्र एवढंच. ती म्हणाली, "कारखान्यातलं सगळं तुमास्नी ठाऊक. ते कशाला लागतंय तेवढं सोडून."

हसलो दोघंही. मग तिला म्हटलं, चल शेडवर. तू विचार. मला बाहेर उभं केलंस तरी चालेल.

उभं केलंच. अर्ध्या तासानं आली, गाडीत बसली आणि सरळ सांगितलं. खाज. आग. एक-दोघींना पुरळ. जूनच्या मालापासनं. जांबोटीकडं जास्त. आणि आपल्या टेबलावरच्या चौघींतल्या तिघी परत घरचं कापड वापरतात. दिवसभर पाकिटं भरायची आणि घरी जाऊन जुनी साडी फाडायची.

"मला का नाही सांगितलं?"

"तुमास्नी? सुरवात कुठनं करायची त्येनी?"

आणि रिकामं मशीन का फिरत होतं तेही कळलं. माझे कान तिखट म्हणून. बोलायचं असलं की मशीन सोडतात, आणि त्या आवाजात बोलतात. महिनाभर चाललंय. बेअरिंग मीच बदलायचं आणि आडोसा त्यांनी करायचा!

राग आला पाहिजे होता. आला नाही. तीन वर्षं लोकांना सांगत फिरलो, बायकांनी लाजू नये. माझ्याच शेडमध्ये मशीन लावून बोलायची वेळ.

गुरुवार, १७ जुलै

जांबोटी. सुमन बरोबर. सुलोचनाच्या घरी बायका आत चुलीपुढं, मी ओट्यावर चहाचा कप घेऊन. कौलांवर पावसाचा मार, त्यात जोडीला बेडूक. तरी ऐकू आलं. ऐकू नये असं आज एकदाही वाटलं नाही, हे लिहून ठेवतो.

एक म्हातारा आवाज: "म्या सुनंचं पाकीट फोडलं की. तंबाखूचा वास मारतोय त्येला."

"तुमास्नी सासऱ्याच्या चंचीची आठवण झाली आसंल, मामी!" सगळ्या हसल्या.

"हसा गं. नाक मेलंय तुमचं. माजं न्हाई."

कप खाली ठेवला. खिशातलं पाकीट काढून फोडलं, नाकाला लावलं. पॅड चिकटवायच्या डिंकाचा वास. दुसरं काही नाही. सुमन बाहेर आली तर तिच्या हातात दिलं. तिनंही हुंगलं. "काय न्हाई की."

मग दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. मी निपाणीचा, तीही निपाणीची. माझी आई विड्या वळायची, मी तिच्या मांडीशी, मांडीवर सुपात तंबाखू. आमच्या नाकाला तंबाखू म्हणजे हवा.

येताना उद्यमबागेत शेडवर उतरलो. शालनताईला विचारलं, मालाला वास येतो का?

"येतोय की. म्हैना झाला."

"मग बोलला का नाही ताई?"

ती पदर सारखा करत म्हणाली, "आमास्नी वाटलं तुमचा."

मी सुपारीसुद्धा खात नाही. पण आठवड्यातनं दोनदा निपाणीला जातो. मालकाच्या अंगाला वास येतो हे मालकाला कोण सांगणार.

शुक्रवार, १८ जुलै

नाक असलेलं माणूस पाहिजे म्हणून शालनताईला घेऊन निपाणी. आमचा कापूस ठेवलेल्या वखारीचं दार उघडलं आणि तिला शिंका सुरू. अकरा. आक्का, माझी थोरली बहीण, जवळच राहते, ती आली. आयुष्य विड्यांत गेलं तिचं. म्हणाली, "कशाचा वास गं? हितं कुठं वास हाय?" शालनताई शिंकत शिंकत हसली.

माझं काय झालं ते सरळ लिहितो. जूनमध्ये शेडचं छप्पर गळायला लागलं. पॅडात घालायचा कापूस (कापूस म्हणायचं, आहे लाकडाचा लगदा) भिजू नये म्हणून कोरडी जागा पाहिजे होती. निपाणीच्या माणसाला पावसाळ्यात कोरडी जागा विचारा, तो डोळे झाकून तंबाखूची वखार सांगेल. जाड भिंती, उंच जोतं, ओल नावाला नाही. रिकामी वखार मिळाली. स्वतःवर इतका खूश झालो होतो की सुमनला दोनदा सांगितलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. गुंडाळ्यांवर प्लास्टिक होतं. पण लहानपणापासून बघितलेलं, वखारीत तंबाखूची गाठ कोंडली की घामेजते. तिला वारा पाहिजे, आठ दिवसांनी उलथायला पाहिजे. म्हणून मीच, ह्या हातानं, प्रत्येक गुंडाळीचं प्लास्टिक बाजूनं चिरलं. आणि दर आठवड्याला येऊन उलथली. तंबाखूची काळजी घ्यावी तशी कापसाची घेतली.

भिंतीच्या फटींत, तुळयांवर वर्षानुवर्षांची भुकटी. हात फिरवला, बोटं तपकिरी. कापसाचं काम काय, तर शोषून घेणं. त्यानं घेतलं.

शनिवार, १९ जुलै

मशीन बंद. सगळ्यांना शेडमध्ये बसवून सांगितलं. चूक कुणाची, तर माझी. पगार चालू. गळतं छप्पर आधी.

दुपारी शेजारचे फौंड्रीवाले पाटील आले. मशीनचा आवाज नाही म्हणून. ऐकून म्हणाले, "खाजंनं कोण मेलंय काय? वासाचं औषध मार, नव्या मालात थोडं थोडं मिसळून काढ. कुणाला पत्ता न्हाई लागायचा."

"पाटील, चिरलेल्या कास्टिंगला तुम्ही रंग मारून पाठवता काय?"

"पाठवलंय की एकदा-दोनदा."

"मग?"

"मग काय, परत आलं."

हाच तर फरक. हा माल परत येत नाही. पुरला जातो, जाळला जातो. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, नुसतं गप्प बसतं. असल्या धंद्यात रंग मारायला लागलं तर आयुष्यभर कुणी पकडायचं नाही. म्हणूनच मारायचा नाही.

पाटलांना चहा पाजला. जाताना म्हणाले, छपराला पत्रे आहेत माझ्याकडं, न्या.

नोटीस लिहायला बसलो. 'काही तांत्रिक कारणास्तव सदर माल...' शालनताईनं कागद ओढून घेतला. "खाज लिवा अण्णा. खाज लिवल्याबिगार कुणाला कळायचं न्हाई." लिहिलं. खाज, आग, पुरळ. जूनपासूनचा, निळ्या पट्टीचा माल वापरू नका, परत द्या, बदली मिळेल. मराठी वर की कन्नड वर, यावर टेबलावर दहा मिनिटं गेली. म्हटलं, बायांनो, सीमेचा प्रश्न निदान ह्या पाकिटावर नको. शेजारी शेजारी छापलं.

रविवार, २० जुलै

निपाणीतनं एकही तक्रार नव्हती. उलट मागणी वाढलेली. ह्याच गोष्टीवर मी निर्धास्त होतो.

आक्काला म्हटलं, विड्या वळणाऱ्या बायकांना विचार. ती सुपातनं मान वर न करता म्हणाली, "इचारू काय त्यात? आमास्नी खाजतंयच."

"म्हणजे?"

"म्हंजे काय रं बाळ्या. हात तंबाखूचं, लुगडं तंबाखूचं. त्येच लुगडं फाडून घ्यायचं. मला पयल्यांदा लई आग झाली तवा आईला सांगितलं. आई म्हणाली, असंच असतंय. तिलाबी तिच्या आईनं त्येच सांगितलं आसंल."

विड्या वळत होती. बोटं थांबली नाहीत.

आईला जाऊन बारा वर्षं झाली. तिचा खोकला ऐकून मी सांगायचो, आज किती हजार वळल्या असतील. एवढे कान. आणि हे ऐकलंच नव्हतं कधी.

आक्काला म्हटलं, जांबोटीला येतेस का. म्हणाली, "म्या कशाला? मला काय ल्ह्याया-वाचाय येतंय?" म्हटलं, तेच सांगायचं आहे, जे आत्ता मला सांगितलंस.

सोमवार, २१ जुलै

खानापूरला डॉक्टरबाईंकडं. सुमन, शालनताई, मी. पाकिटं पुढं ठेवली. छाती पुढं काढून सांगितलं, प्रत्येक पॅड निळ्या दिव्याच्या पेटीतनं काढतो, जंतू राहत नाही.

त्या म्हणाल्या, "दिव्यानं जंतू मरतात. धूळ मरत नाही."

तीन वर्षं ती पेटी पाहुण्यांना दाखवत होतो.

तंबाखूनंच झालं असं त्या लिहून देणार नाहीत. डिंक असेल, ओल असेल. आणि विचारलं, तिकडच्या बायका एक पॅड किती वेळ ठेवतात? शालनताई म्हणाली, "सकाळी रोपलावणीला गेल्या की सांजंपतोर. बदलायचं कुठं? टाकायचं कुठं?" डॉक्टरबाई म्हणाल्या, मग तेही एक कारण धरा, सगळं खापर वखारीवर फोडू नका. माल तपासायला पाठवा. आणि आधी बायकांना सांगा: वापर बंद, साध्या पाण्यानं धुवा, तेल-हळद-पावडर काही लावू नका. ताप आला, पाणी सुटलं, जखम झाली, तर वाट न बघता इकडं.

सुमननं सगळं लिहून घेतलं. मी तिच्याकडं बघत होतो. इतकी वर्षं पाकिटावर बाई हसताना छापतो, आणि आत हा एक कागद घालायचं सुचलं नाही.

नमुने पाठवले. वखारीतला कापूस, तयार माल, डिंक, वेगवेगळं. पंधरा दिवस लागतील म्हणतात.

गुरुवार, २४ जुलै

जांबोटीची अंगणवाडी. सुलोचनानं बायकांना बोलावलं, 'तपासणी, पाकिटं घेऊन या' एवढंच सांगून. कोपऱ्यात तांदळाचं रिकामं पोतं ठेवलं. पाकिटं पदराखालनं आणायची, पोत्यात टाकायची, कुणी कुणाचं बघायचं नाही.

पहिल्यांदा कुणी हललंच नाही. मी बाहेर, दाराच्या बाजूला, छत्रीखाली. आत आक्का उठली असावी. तिचा आवाज घोगरा.

"म्या निपाणीची. इड्या वळतुया. ह्यो भाईर छत्री धरून हुबा हाय, त्यो माजा भाव. त्येनं हे केलंय." मग जे मला सांगितलं ते सगळं. लुगडं, आग, आई. शेवटी म्हणाली, "पन्नास वरसं म्या असंच असतंय म्हणून काढली. परवा कळलं, असंच नसतंय. तुमी येवढी काढू नगा."

मी पावसाची थडथड चुकवायला छत्री बाजूला केली.

मग मागच्या गुरुवारची ती म्हातारी मामी बोलली, "मी सांगितलंवतं न्हवं, तंबाखू!" आणि सगळ्या हसल्या. मग पोत्यात पहिलं पाकीट पडलं. धप्. मग दुसरं.

मी ऐकत उभा. भरलेलं पाकीट पडताना टणक वाजतं. अर्धं वापरलेलं मऊ पडतं. मऊ जास्त होती.

सुलोचनाच्या वहीत बघितलं, सगळ्यांची आली. एक सोडून. ओढ्यापलीकडच्या वाडीवरची कविता, नववीतली. जूनच्या शेवटी तीन पाकिटं एकदम न्यायला आलती. तेव्हापासून शाळेत नाही.

"भातलावणी असंल," सुलोचना म्हणाली. परत म्हणाली, "लावणीच असंल."

दुसऱ्यांदा म्हणाली.

शनिवार, २६ जुलै

ओढ्याला पाणी. वरचा साकव वाहून गेलाय. वाडीवर फोन लागत नाही. सुलोचनानं पलीकडं हाळी घालून विचारलं तर एक गुराखी म्हणाला, पोरगी निजून आहे.

तापानं? माहीत नाही. लावणीत भिजून आलेला ताप असेल, हिवताप असेल. माझाच असेल असं नाही. हे दिवसभर स्वतःला सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला लागलो तेव्हा गप्प झालो.

पाटलांचे पत्रे चढले छपरावर. गळती बंद.

मंगळवार, २९ जुलै

आज गेलो. पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं होतं. सुमन, सुलोचना, मी आणि वाट दाखवायला तोच गुराखी. ओढ्यात सुमननं माझा दंड धरला. नंतर सोडायला विसरली, मीही आठवण केली नाही. पाऊण तास चिखल, जळवा.

कविताची आई दारात. हातात विळा, नुकतीच शेतातनं आलेली. सुलोचनाला बघून ओळखीचं हसली, मला बघून थांबली.

"पाकिटं? एक वापरलं. दोन चुलीत घातली. वासच मारत हुता."

"आणि पोरगी?"

"हाय की आत."

"ताप?"

तिनं विळा कुडाला खोचला. सुमन आत गेली, मागनं सुलोचना. मी गोठ्याच्या दगडावर बसलो. कुडाची भिंत, आतलं सगळं ऐकू येतं.

पोरगी हळू बोलत होती. निजून पाच दिवस झाले. खाजवून जखम झाली, मग सूज, मग ताप. चालता येत नाही. आईनं हळद-तेल लावलं. "मी आईला सांगितलंवतं. आई म्हणाली, असंच असतंय."

तेच. जांबोटीच्या रानात, आक्काच्या तोंडचे शब्द.

मी तिथनं उठलो. खरं तर आणखी ऐकायला पाहिजे होतं, किती दिवस, कसली जखम, सगळं. पण ते तिनं मला सांगितलेलं नव्हतं. गोठ्याच्या पलीकडं फणसाखाली जाऊन उभा राहिलो, जिथं नुसता पाऊस ऐकू येतो.

थोड्या वेळानं सुमन आली. "गाडीपतोर कशी न्यायची? खानापूरला न्यायाच पायजे."

बांबूला घोंगड्याची झोळी बांधली. एका बाजूला गुराखी, एका बाजूला मी. ओढ्यात पोरगी घाबरून म्हणाली, "काका, पाडू नका." म्हटलं, फौंड्रीत वितळलेलं लोखंड नेलंय मी, बाळा, थेंब न सांडता. हसली नाही. पण बांबूवरची मूठ थोडी सैल झाली.

गुरुवार, ३१ जुलै

कविता खानापुरात. ताप उतरायला लागलाय. डॉक्टरबाई म्हणतात, वेळेत आलात, पण अजून आठवडाभर ठेवते. जखम खोल आहे. कशानं, हे त्या अजूनही सांगत नाहीत. पॅडनं सुरुवात झाली असेल, नखांनी आणि चिखलानं वाढलं असेल, तेलानं चिघळलं असेल. "तुमच्या वाट्याचं किती, ते तपासणीतनं कळलं तर कळेल."

तिच्या आईला भेटलो. माफी मागितली. ती म्हणाली, "तुमी काय मुद्दाम केलंय?" त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

वाटेत सुमनला म्हटलं, पाकिटाच्या आत कागद घालायचा, डॉक्टरबाईंनी सांगितलं ते सगळं, चित्रं काढून. आणि पाकिटावर बाहेर, बाई हसते तिथं, एकच ओळ.

"कुठली?"

"खाजलं, दुखलं, तर असंच असतंय म्हणू नका. सांगा."

"कुणाला सांगा?" सुमन म्हणाली. "तुमाला?"

खरंच. माझा नंबर टाकला तर एक बाई फोन करायची नाही. शालनताईला विचारायचं.

सोमवार, ४ ऑगस्ट

शालनताई तयार. पण अटी घातल्या. फोन तिच्या टेबलावर. तिच्याशिवाय कुणी उचलायचा नाही. "आनि अण्णा, तुमी तितं हुबं ऱ्हायचं न्हाई." कबूल.

वखार रिकामी केली. तपासणीपुरता कापूस बाजूला ठेवून बाकी सगळा खड्ड्यात, वर चुना. आक्का बघत उभी होती. "किती पांढरा हुता रं," म्हणाली.

निपाणीतला माल अजून पुरता परत आलेला नाही. तिथं अवघड आहे, कारण तिथं कुणाला काही झालेलंच नाही! आक्का रोज संध्याकाळी दोन-तीन घरं करते. काल एका घरात तिला म्हणाल्या, तुझ्या भावाचा धंदा बुडवायला निघालीस व्हय गं? तिनं सांगितलं, त्योच मला पाठिवतुया.

माल परत दिलेल्यांना दुसरीकडनं आणून बदली पाकिटं दिली. नव्या नंबराच्या चिठ्ठ्या सुलोचना घरोघर वाटतेय. तपासणीचा निकाल नाही. निकाल येईपर्यंत मशीन सुरू करायचं नाही असं ठरवलंय. निकाल चांगला आला तरी डिंक बदलायचा. वाईट आला तर तो नोटिशीखाली छापायचा, जसा असेल तसा. पाटील म्हणतात, हे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. म्हटलं, धोंडा माझा, पायही माझाच आहे, सध्या एवढं तरी बरं आहे.

गुरुवार, ७ ऑगस्ट

कविता उद्या घरी. शाळेत कधी, माहीत नाही. म्हणते, शाळेची वाट चालवत नाही अजून. तिची आई आज पहिल्यांदा मला 'अण्णा' म्हणाली.

निकालासाठी फोन केला. अजून दोन दिवस, म्हणाले. परवाही हेच म्हणाले होते.

दुपारी शेडमध्ये. मशीन थंड, नवा कापूस आलेला नाही. टेबलावर चौघी चिठ्ठ्या कापतात. इतकं शांत की कात्रीचा आवाज ऐकू येतो, कुठली कात्री बोथट आहे तेही. फोन टेबलाच्या कडेला. सोमवारपासून वाजलेला नाही. सगळ्या मधनंमधनं त्याच्याकडं बघतात.

अडीचच्या सुमाराला वाजला.

शालनताईनं हात पदराला पुसून उचलला. "हां, बोला की ताई. मीच... न्हाई, कुनी न्हाई हितं. बायकाच हाय." आणि माझ्याकडं बघितलं.

पलीकडचा आवाज इतका बारीक की दुसऱ्या कुणाला आला नसता. मला आला. निपाणीचा होता. पहिले दोन शब्द कळले, तिसरा सुरू व्हायच्या आत उठलो, दाबणीच्या मशीनकडं गेलो आणि खटका दाबला. खाली माल नाही, काही नाही. डावं बेअरिंग कुरकुरायला लागलं, मग पट्टा, मग सगळं. मी भिंतीकडं, माझ्या नियमाकडं तोंड करून उभा राहिलो.

शालनताईचं बोलणं संपेस्तोवर मशीन बंद केलं नाही. बराच वेळ चाललं.